ड्रेजर यायच्या आधी: खाडीच्या तोंडाशी प्रवाळ असलेल्या गावांसाठी

आमच्या घरातल्या एका स्टीलच्या ताटात आता कुणी जेवत नाही. त्याच्या चार पाकळ्या रंगवल्यात, दोन काळ्या, दोन पांढऱ्या. मधोमध भोक, त्यातून ओवलेली नायलॉनची दोरी, खाली जाळ्याचे शिसे बांधलेले. दोरीला दर अर्ध्या मीटरवर लाल लोकरीची गाठ. हे ताट होडीतून पाण्यात सोडायचं आणि कितव्या गाठीला दिसेनासं होतं ते वहीत लिहायचं, म्हणजे पाणी किती गढूळ ते कळतं. आमची सगळी लढाई या ताटापासून सुरू झाली. तुमच्या गावाशेजारी ड्रेजर, म्हणजे गाळ काढणारं जहाज, आणायचं चाललं असेल, तर तुम्हीही इथूनच सुरू करा.

मी मालवण तालुक्यातली. घर रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्यांचं. भाऊ ऑक्टोबर ते मे पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेतो आणि मी मच्छीमार सोसायटीचे हिशेब बघते. प्रवाळ मी पुस्तकात वाचायच्या आधी पाण्यात बघितलं, तेव्हा आम्ही त्याला फक्त ‘दगड’ म्हणायचो. वडील सांगायचे, ‘त्या दगडार जाळा टाकू नको, फाटतला,’ आणि पुढच्याच वाक्यात म्हणायचे, ‘पण गोबरो हवो तर थंयच गावतलो.’ गोबरा, तांबोशी, शेवंड ही सगळी त्या दगडांच्या आसऱ्याला. दगड गेला की ती जातात, हे सांगायला आम्हांला कुणी शास्त्रज्ञ लागला नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. गाळ काढूच नका, असं आमचं म्हणणं नाही. खाडीचं तोंड भरलं की आमच्याच होड्या ओहोटीला अडकतात, पावसाळ्याच्या तोंडावर आत येताना माणसं उलटतात. प्रश्न असतो कुठला गाळ, किती, कोणत्या महिन्यात, कशाने आणि काढून नेऊन टाकणार कुठे. हे पाच प्रश्न पाठ करा. तुम्ही विकासाच्या विरोधात आहात असं कुणी म्हणालं की हे पाच प्रश्न शांतपणे विचारायचे.

आमचं पहिल्यांदा काय चुकलं

काही वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी खोली वाढवायचं निघालं. आम्ही धावपळ करून चाळीसेक फोटो जमवले, पाण्याखालचे, सुंदर, आणि एका कार्यालयात नेऊन दिले. साहेबांनी दोनच प्रश्न विचारले: ‘हा फोटो कधीचा? आणि नेमका कुठला?’ फोटो सगळे व्हॉट्सअॅपवरून फिरत फिरत आमच्याकडे आलेले. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवला की फोटोच्या फाइलमधली तारीख आणि जागेची माहिती निघून जाते, हे आम्हांला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे उत्तर नव्हतं. अर्जाची पोचही आम्ही घेतली नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर असलेली गोष्ट आहे हे सिद्ध करता येत नाही, यासारखं दुःख नाही.

म्हणून ड्रेजर यायच्या आधीची नोंद हवी. ड्रेजर आल्यावर काढलेल्या हजार फोटोंपेक्षा आधी वर्षभर ठेवलेली एक वही जास्त बोलते.

हे आपल्याकडेच खरं आहे असं नाही. अमेरिकेत मायामी बंदराचा मार्ग २०१३ ते २०१५ या काळात खोल केला. नुकसान मार्गाच्या कडेपुरतंच राहील असं सांगितलं होतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निघालं, की मार्गापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत ५ लाखांहून जास्त प्रवाळ मेले. पण त्याच काळात तिथे प्रवाळांवर रोगाची साथ आली होती. मग वाद सुरू झाला: मेले ते गाळाने की रोगाने? लांबच्या, गाळ न पोचलेल्या जागांशी ताडून बघितल्यावरच गाळाचा वाटा वेगळा काढता आला. तिथल्या संघटना २०१४ मध्येच कोर्टात गेल्या होत्या, आणि २०१८ च्या तडजोडीत १०,००० प्रवाळ लावायचं ठरलं. पाच लाखांच्या बदल्यात दहा हजार. ही गोष्ट मी आमच्या बैठकीत सांगते तेव्हा मागे बसलेली म्हातारी माणसंही पुढे सरकतात.

आमच्याकडे रोगाचं नाव सांगणार नाहीत, पाऊस, वादळ, तापलेलं पाणी, पर्यटकांच्या होड्यांचे नांगर यांची नावं सांगतील. यातली काही कारणं खरीही असतात. म्हणून नोंदीच्या जागा निवडताना दोन जागा कामाच्या जवळच्या घ्या आणि दोन लांबच्या, जिथे गढूळ पाणी पोचणार नाही अशा. चारही ठिकाणी पाऊस सारखाच पडतो, फरक पडला तर तो ड्रेजरचा.

ताट, पाइप आणि सोनाराचा काटा

ताट सोडायचं ते सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मध्ये, होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल न लावता. खाली जाताना दिसेनासं झालं ती गाठ, वर ओढताना पुन्हा दिसलं ती गाठ, दोन्हींची सरासरी. सोबत भरती की ओहोटी, उधाण की भांग (मोठ्या भरतीचे दिवस की लहान भरतीचे), वारा कुठला, आदल्या दिवशी पाऊस होता का, एवढं लिहायचं. तिथीही लिहा, उधाण-भांगाचा हिशेब तिथीवरून लगेच कळतो आणि आमच्या तांडेलांना, म्हणजे होडीच्या म्होरक्यांना, इंग्रजी तारखेपेक्षा ती जवळची. आठवड्यातून एकदा पुरे, पण चुकवायचं नाही. माझा पुतण्या नववीत असल्यापासून हे करतो. ‘आत्ये, आज चौथी गाठ दिसना नाय,’ असं तो होडीतून ओरडतो तेव्हा किनाऱ्यावरच्या बायकासुद्धा मान वर करून बघतात.

दुसरं साधन पाइपाचं, तळाला किती गाळ बसतो ते मोजायला. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून त्यात ५ सेंटीमीटर व्यासाचे, तळ बंद केलेले, वीसेक सेंटीमीटर लांबीचे तीन पीव्हीसी पाइप उभे करायचे, तोंडं वर. डबा तळाच्या वाळूवर ठेवायचा, प्रवाळावर किंवा त्याला टेकून कधीच नाही. आठवड्याने पाण्याखालीच टोपणं लावून वर आणायचा. पाइपात साठलेला गाळ बाटलीत तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचा. मीठ राहिलं तर वजन खोटं येतं. मग आधी वजन करून ठेवलेल्या गाळणकागदावर गाळून वाळवायचा. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतून कागद मिळाले. वजनाला मात्र किराणा दुकानाचा काटा चालत नाही. आम्ही सोनाराकडे जातो. पहिल्यांदा त्याने सोनं ठेवायच्या तबकात चिखल बघून हात मागे घेतला होता, आता तो स्वतःच आकडा चिठ्ठीवर लिहून खाली सही करतो. ती चिठ्ठी वहीत चिकटवायची.

आकड्याचा अर्थ असा. प्रवाळांच्या अभ्यासात दिवसाला दर चौरस सेंटीमीटरवर १० मिलिग्रॅमपर्यंतचा गाळ हा साधारण नेहमीचा मानतात, ५० च्या वर गेला तर फार. ५ सेंटीमीटर पाइपाचं तोंड म्हणजे सुमारे २० चौरस सेंटीमीटर. तेव्हा आठवड्याला एका पाइपात साधारण १.४ ग्रॅमपर्यंत गाळ ठीक. पण आपल्या किनाऱ्यावर हा आकडा आंधळेपणाने वापरू नका. पावसाळ्यात आपलं पाणी तसंही चहासारखं होतं आणि आपल्याकडचे प्रवाळ त्यातून निभावतात. तुमच्या जागेचा तुमचाच आधीचा आकडा हा खरा मापदंड.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: ‘इथलं पाणी मुळातच गढूळ, आणखी थोडं झालं तर काय बिघडलं?’ उत्तर तयार ठेवा. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं, प्रवाळाचं पोट बरंचसं त्यावर चालतं. अंगावर गाळ पडला की प्रवाळ चिकट स्राव सोडून तो झटकतो, आणि त्यात त्याची ताकद खर्च होते. पावसाळ्यात तो उपाशी राहतो आणि ऑक्टोबरपासूनच्या स्वच्छ महिन्यांत भरून काढतो. ड्रेजर चालतो तो नेमका याच महिन्यांत, कारण पावसाळ्यात समुद्रात काम करता येत नाही. म्हणजे वर्षाचा उरलेला जेवणाचा वेळही काढून घेतला. शिवाय प्रवाळाची पिल्लं कडक, स्वच्छ पृष्ठभागावरच चिकटतात. तिथे गाळाचा पातळ थर असला तरी जुना प्रवाळ जिवंत दिसेल, पण पुढची पिढी येणार नाही.

फोटोंचं काम सोपं आहे, शिस्तीचं मात्र आहे. प्रत्येक जागी पाच-सहा ओळखीचे प्रवाळ ठरवा, त्यांना क्रमांक द्या, महिन्यातून एकदा त्याच बाजूने फोटो काढा. चौकटीत तारीख लिहिलेली पाटी आणि मापाची काठी हवीच. जीपीएसचे आकडे वहीत लिहा. मूळ फाइल मेमरी कार्डावरून थेट दोन ठिकाणी साठवायची, व्हॉट्सअॅपवर फक्त दाखवायला. आमचा क्रमांक तीनचा दगड पोरायटीस जातीचा आहे, कोळशाच्या टोपलीएवढा, पिवळसर तपकिरी, उजव्या अंगाला पोपटमाशाने चावल्याचे पांढरे ओरखडे. या जातीचा प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभर वाढतो. म्हणजे हा माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीचा. त्याचा दर महिन्याचा फोटो समोर ठेवला की अधिकारी ‘कधीचा’ विचारत नाहीत.

हात लावायचा नाही, तुकडा आणायचा नाही, मेलेलाही नाही. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. नमुना म्हणून तुकडा घेऊन गेलात तर गुन्हा तुमच्यावर. आणि जागा अभयारण्यात असेल तर पाइप ठेवायच्या आधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटर गाभा. मुंबईचा कांदळवन कक्ष हा वनविभागाचाच भाग, सागरी जीवांचं कामही बघतो. त्यांना तुमच्या नोंदींची प्रत आधीपासून देत राहा. उद्या गरज पडली की अनोळखी म्हणून जायला नको.

कागद

हे काम रटाळ वाटेल, पण इथेच जिंकतात आणि हरतात.

पहिलं, ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या कायद्याने. तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक गावांत त्या वहीत आंबा, काजू, पक्षी असतात, समुद्र नसतोच. प्रवाळाच्या जागा, तिथली मासळी, कोणत्या महिन्यात कोण कशाने मासेमारी करतो, हे सगळं त्यात नोंदवून घ्या. ग्रामसभेचा आणि सोसायटीचा ठराव वेगवेगळा करा. ठरावात ‘पर्यावरणाचे नुकसान’ असं गोल लिहू नका. ‘अमुक खडपाच्या पश्चिमेला अमुक खोलीवर प्रवाळ, अमुक इतक्या होड्यांची उपजीविका’ असं लिहा.

दुसरं, माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणून एकाच अर्जात सगळं कोंबू नका. एका अर्जात गाळाचं परिमाण आणि कामाचा नकाशा, दुसऱ्यात गाळ टाकायची जागा, तिसऱ्यात पर्यावरण मंजुरीची प्रत. मंजुरीचे प्रस्ताव केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावरही दिसतात, तिथे आठवड्यातून एकदा तालुक्याचं नाव टाकून बघायची जबाबदारी एकाच माणसावर सोपवा. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही.

या कागदांत एक शब्द शोधा: हे काम ‘कॅपिटल ड्रेजिंग’ आहे की ‘मेंटेनन्स’? नवी खोली करायची ती कॅपिटल, आधीच केलेली खोली राखायची ती मेंटेनन्स. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत बंदरांबरोबर ड्रेजिंगही येतं. मेंटेनन्सला सूट आहे, पण मूळ प्रकल्पात ते धरलेलं असेल आणि त्याला मंजुरी मिळालेली असेल तरच. नवीन खोदकामाला ‘नेहमीचा गाळ’ म्हटलं आहे का, हे जुन्या खोलीच्या नकाशाशी ताडून बघा. तांडेलांना जुनी खोली तोंडपाठ असते; त्यांच्याकडून लिहून घ्या.

किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशात प्रवाळाची जागा १-अ मध्ये, म्हणजे सर्वांत संवेदनशील भागात दाखवलेली हवी. नसेल तर तेच पहिलं निवेदन. नकाशावर नसलेला प्रवाळ कागदोपत्री अस्तित्वातच नसतो. मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत हे शहराला कळलं त्यात २०१७ पासून ओहोटीला किनाऱ्यावर फिरून नोंदी ठेवणाऱ्या हौशी नागरिकांचा मोठा हात. पुढे किनारा रस्त्याच्या कामात २०२० मध्ये तिथल्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या. नोंदच नसती तर त्याही भरावाखाली गेल्या असत्या. पण ‘आम्ही प्रवाळ हलवू’ या आश्वासनावर समाधान मानू नका. लहान दगडावरची वसाहत हलवता येते, आमचा तीन नंबर हलवता येत नाही.

जनसुनावणी

पर्यावरण मंजुरीच्या आधीची सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस यावी लागते, पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवालाचा गोषवारा मराठीत मिळायला हवा आणि पूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी वाचायला ठेवलेला असतो. अहवाल वाचायला दोघंजण पाठवा. एकाने वाचायचं, एकाने लिहायचं. सर्वांत आधी बघायचं ते प्रवाळाची पाहणी कोणत्या महिन्यात आणि किती दिवस केली ते. गढूळ पाण्यात बुडी मारून ‘प्रवाळ आढळले नाहीत’ असं लिहिलेलं असेल, तर तुमची फोटोंची वही तिथेच पुरते.

बोलताना रडून बोलू नका, असं मी सांगणार नाही. मी स्वतः रडले आहे. पण रडण्याआधी प्रश्न विचारून घ्या, कारण तुम्हांला दोन-तीन मिनिटंच मिळतील. प्रश्न वाटून घ्या, प्रत्येकाने एकच. किती घनमीटर? यंत्र कुठलं? हॉपर, म्हणजे जहाजावरची गाळाची टाकी, भरल्यावर वरून ओसंडणारं गढूळ पाणी कुठे जाणार? गाळ किती अंतरावर टाकणार, आणि पश्चिमेचा वारा असताना तो परत किनाऱ्याला लागतो का? गढूळपणा किती झाला की काम थांबेल, तो आकडा सांगा. मोजणार कोण, आणि थांबवायचा अधिकार कुणाला? शेवटचे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे. ‘सिल्ट कर्टन’, म्हणजे गाळ अडवायला पाण्यात सोडलेला पडदा, ‘लावू’ असं उत्तर आलं तर विचारा, आमच्या प्रवाहात आणि लाटांत तो पडदा टिकतो का. जोराच्या प्रवाहात तो उचलला जातो आणि गाळ खालून निघून जातो.

सुनावणीचं चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं. ते ऐकल्याशिवाय उठू नका. भुकेने, बस चुकेल म्हणून लोक उठतात आणि नेमकं तेव्हाच वाचन होतं. आम्ही डब्यात भाकरी-चटणी घेऊन जातो. तुमचा मुद्दा इतिवृत्तात नसेल तर तिथेच हात वर करा. लेखी हरकतही द्या, प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

मंजुरी मिळाली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यानंतर दार बंद. आपल्या भागाचं पीठ पुण्यात आहे. वकील शोधायचं काम मंजुरी मिळाल्यावर नाही, सुनावणीच्याच महिन्यात करा. काहींना हे लांबचं वाटतं. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफच्या सागरी उद्यानात ३० लाख घनमीटर गाळ टाकायला २०१४ च्या जानेवारीत परवानगी मिळाली होती. मच्छीमार, पर्यटन व्यावसायिक, संघटना सगळे मागे लागले, आणि २०१५ मध्ये तिथल्या सरकारने नव्या खोदकामाचा गाळ उद्यानात टाकायलाच बंदी घातली. परवानगी मिळाल्यावरही फिरली.

ड्रेजर आल्यावर

मोठ्या जहाजाच्या अंगावर नाव आणि सात आकडी आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा ओळख क्रमांक, लिहिलेला असतो. तो दुर्बिणीने वाचून वहीत घ्या. जहाजांचा ठावठिकाणा दाखवणारी अॅप्स फोनवर मिळतात. हॉपर ड्रेजर गाळ ओढताना अगदी सावकाश, दोन-तीन नॉटने चालतो, भरला की वेग घेऊन टाकायच्या जागेकडे निघतो. तो ठरलेल्या जागेपर्यंत गेला की अर्ध्या वाटेतून परतला, हे पडद्यावरच्या रेषेवरून दिसतं. वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा, रात्रीचे जास्त. होडी घेऊन मात्र जवळ जाऊ नका. ओढणाऱ्या पाइपांच्या आणि तरंगत्या नळांच्या आसपास लहान होडीला धोका असतो, आणि आपल्या पोरांच्या जिवापेक्षा कुठलाही फोटो मोठा नाही.

काम सुरू असताना ताट आठवड्यातून एकदा नाही, रोज सोडायचं. चारही जागांवर, शक्य तर एकाच दिवशी. दोन जवळच्या जागांवर गाठी कमी झाल्या आणि लांबच्या तशाच राहिल्या, की त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र: तारीख, जागा, नेहमीचा आकडा, आजचा आकडा, काम थांबवावे. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला, एक वनविभागाला, आणि तिन्हींची पोच.

ताटाला भोक पाडायला आमच्या गावातल्या वेल्डरने पैसे घेतले नाहीत. रंग मात्र ऑइल पेंटच घ्या, दुसरा खाऱ्या पाण्यात पंधरा दिवसांत सुटतो.